प्रिस्क्रिप्शनची शेवटची ओळ

मंडळी, एक उद्योग सांगतो. घरात औषधांचा डबा असेल तो उघडा आणि गेल्या दोन वर्षांतली प्रिस्क्रिप्शनं बाहेर काढा. घसा बसला होता, दाढ काढली होती, सायनसने छळलं होतं, कारण काहीही असो, कागदाचा साचा एकच. वर अँटिबायोटिक, मधे ताप-अंगदुखीची गोळी, खाली 'रिकाम्या पोटी' वाली अॅसिडिटीची कॅप्सूल आणि सगळ्यात शेवटी एक प्रोबायोटिक. आमच्या डब्यात सात कागद निघाले, त्यातल्या पाचांवर ही शेवटची ओळ होती. पाचांपैकी एकावरही 'का' आणि 'कसं' लिहिलेलं नव्हतं.

आणि आता तर प्रिस्क्रिप्शनचीही गरज उरलेली नाही. दहा मिनिटांत दूध-ब्रेड आणून देणारं अॅप प्रोबायोटिकची पुडीही आणून देतं. आमच्या हापिसात किमान चार जणांच्या ड्रॉवरमधे चार्जर, इअरफोन आणि स्टेपलरच्या शेजारी या कॅप्सूल पडलेल्या असतात. शुक्रवारची बिर्याणी, शनिवारची बिअर आणि सोमवारी सकाळी 'गुड बॅक्टेरिया'. पापक्षालन झालं, चला स्टँडअपला.

मी डॉक्टर नाही, मी दिवसभर जावा लिहितो. पण वाचायची खोड आहे आणि घरातल्या एका आजारपणामुळे हा विषय नीट वाचावा लागला (त्याबद्दल पुढे). वाचून झालेलं माझं मत असं: प्रोबायोटिक ही औषधासारखी घ्यायची गोष्ट आहे. ठरावीक कारणासाठी, ठरावीक स्ट्रेन, ठरावीक दिवस. कारण सांगता येत नसेल तर पैसे वाचवा आणि ताक प्या.

आधी नावाचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली, तिचा अर्थ साधारण असा: पुरेशा संख्येने दिले तर घेणाऱ्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला प्रत्येक शब्द अट आहे. जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि फायदा सिद्ध झालेला हवा. आणि फायदा सिद्ध होतो तो एकेका स्ट्रेनचा. 'लॅक्टोबॅसिलस आहे ना, झालं' असं म्हणणं म्हणजे 'सर्व्हरवर लिनक्स आहे ना, झालं' असं म्हणण्यासारखं आहे. अहो, कुठलं डिस्ट्रो, कुठलं व्हर्जन, कुठला बिल्ड? लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅमनोसस जीजी यातलं 'जीजी' हा तो बिल्ड नंबर. गॉरबाक आणि गोल्डिन या दोघांनी १९८० च्या दशकात तो शोधला, त्यांच्या आडनावांची ती आद्याक्षरं. त्याच्यावर झालेला अभ्यास दुसऱ्या कुठल्या ऱ्हॅमनोससला आपोआप लागू होत नाही. त्यात २०२० मधे शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या कुळाचीच पंचवीस कुळांत वाटणी केली. त्यामुळे जुन्या आणि नव्या डब्यांवर एकाच जीवाची दोन नावं दिसू शकतात. आमच्याकडे असं रिफॅक्टरिंग कुणी केलं असतं तर त्याला शनिवारी बोलावून घेतलं असतं.

आपल्याकडे मेडिकलमधे मुख्यतः तीन जातींचा माल मिळतो. पहिली लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम मंडळी, कॅप्सूलमधे किंवा पुडीत. दुसरी बीजाणू तयार करणारे बॅसिलस. एन्टेरोजर्मिनाच्या त्या छोट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आठवा, ५ मिलीमधे बॅसिलस क्लॉसायचे २०० कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे बॅक्टेरियाने चिलखत घालून काढलेली झोप, म्हणून त्यांना फ्रिज लागत नाही आणि पोटातल्या आम्लाचंही फारसं भय नाही. तिसरा सॅकरोमायसिस बुलार्डी. हा बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे, पावाच्या यीस्टचा सख्खा नातेवाईक. आँरी बुलार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १९२० च्या दशकात इंडोचायनात तो वेगळा काढला. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्यावरून त्याला सुचलं म्हणतात.

ही जात कळली की 'कधी घ्यायचं' हा प्रश्न अर्धा सुटतो. अँटिबायोटिक चालू असेल तर पहिल्या जातीची कॅप्सूल आणि अँटिबायोटिक एकाच घोटाबरोबर गिळण्यात अर्थ नाही. अँटिबायोटिकला चांगला-वाईट कळत नाही. दोघांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. यीस्टवर अँटिबायोटिकचा परिणामच होत नाही, त्याला अंतर लागत नाही. पण बुरशीविरोधी गोळी (फ्लुकोनाझोल वगैरे) चालू असेल तर ती त्याला मारते. क्लॉसायचे बाटलीतले स्ट्रेन बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाहीत, तरी दोन डोसांच्या मधे घेणं बरं. सुरुवात अँटिबायोटिकबरोबरच, पहिल्या-दुसऱ्या दिवशी. जुलाब सुरू झाल्यावर धावाधाव करून नव्हे. कोर्स संपल्यावर सहसा आठवडाभर आणखी देतात.

जेवणाआधी की नंतर? यावर लोक फार भांडतात. २०११ सालच्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पोटात हे तपासलं होतं. जेवणाबरोबर किंवा जेवणाआधी अर्धा तास, आणि जेवणात थोडा स्निग्धांश असेल तर बॅक्टेरिया जास्त टिकले. जेवणानंतर अर्ध्या तासाने दिलेले सगळ्यात कमी. यीस्टला काहीच फरक पडला नाही. आता हे काचेतलं पोट, तुमचं-माझं नव्हे, पण नियम म्हणून सोपा आहे: पहिला घास आणि कॅप्सूल बरोबर. पुडी असेल तर कोमट किंवा गार पाण्यात. उकळत्या चहात टाकणारा एक महाभाग माझ्या माहितीत आहे. जिवंत असण्यावर ज्याची सगळी मदार, त्याला उकळून प्यायचं म्हणजे कमालच झाली.

दह्याचं काय, हा प्रत्येक आईचा प्रश्न. घरच्या विरजणात जिवंत बॅक्टेरिया भरपूर असतात. पण कुठले आणि किती हे घरोघरी वेगळं, म्हणून शास्त्राच्या काटेकोर अर्थाने ते प्रोबायोटिक नाही. उत्तम अन्न आहे, रोज खा. एकच गोष्ट सांभाळा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी दहीभाताबरोबर घेऊ नका. दह्यातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी जातं. 'गोळी गरम पडते म्हणून दह्याबरोबर घे' हा प्रेमळ सल्ला इथे नेमका उलटा बसतो. दोन-तीन तास जाऊ द्या, मग हवं तेवढं खा.

आता खरा मुद्दा. याने फायदा होतो का? काही ठिकाणी होतो. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवरचे साठाहून अधिक प्रयोग एकत्र करून २०१२ मधे एक मोठा आढावा आला. त्यात साधारण तेरा जणांनी प्रोबायोटिक घेतलं तर एकाचे जुलाब टळतात असा हिशोब निघाला. वाईट नाही, पण उरलेल्या बारांना काही मिळालं नाही हेही त्यातच आलं. आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधे ६५ वर्षांवरच्या जवळपास ३००० रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. तिथे प्रोबायोटिक घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना जुलाब झाले. २०१८ मधे अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या प्रयोगांत लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांवर काहीच उपयोग दिसला नाही. मुलाला जुलाब होत असतील तर पहिलं काम ओआरएस आणि झिंक. पुडी आणली म्हणून ओआरएस राहिलं असं होता कामा नये.

सगळं निराशाजनकच आहे असंही नाही. मला सर्वात भारी वाटलेला प्रयोग आपल्या ओडिशातला आहे. तिथल्या खेड्यांतल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि त्याचं खाद्य दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मधे 'नेचर'मधे छापून आलं. बघा, कारण ठरलेलं, स्ट्रेन ठरलेला, दिवस ठरलेले. ती निरोगी, किमान दोन किलो वजनाची बाळं होती हेही लक्षात ठेवा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अगदी लहान बाळांच्या बाबतीत २०२३ मधे अमेरिकेच्या एफडीएने उलट इशारा दिला, कारण दिलेल्या प्रोबायोटिकमधल्याच जीवाचा संसर्ग होऊन एक बाळ दगावलं होतं.

आणि 'अँटिबायोटिकनंतर आतली झाडी परत लावायला हवी' ही जी लाडकी समजूत आहे, तिला इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मधे चांगलाच धक्का दिला. निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं. (आपल्याकडे पोट बिघडलं की काउंटरवरून मिळणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही याच जोडीची चुलत भावंडं!) मग काहींना महिनाभर अकरा स्ट्रेनचं प्रोबायोटिक, काहींना काहीच नाही. काहीच न घेतलेल्यांचे मूळचे जीवजंतू सुमारे तीन आठवड्यांत परत आले. प्रोबायोटिकवाल्यांचे पाच महिन्यांनीही पूर्ण परतले नव्हते. नवे पाहुणे जागा अडवून बसले होते. प्रयोग छोटा होता, अवघे २१ लोक, त्यामुळे त्यावर धर्म काढू नये. पण 'फायदा नाही तर नाही, तोटा तरी कुठे आहे?' हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलं.

माझा राग खरं तर त्या शेवटच्या ओळीवर नाही, तिने वरच्या ओळीसाठी केलेल्या कामावर आहे. व्हायरल सर्दी-तापाला अँटिबायोटिक लागत नाही हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण खाली प्रोबायोटिक दिसलं की वाटतं, डॉक्टरांनी पोटाची काळजी घेतलीय, घेऊन टाकू. शेवटची ओळ पहिलीला निरुपद्रवी करून टाकते. पुढच्या वेळी 'प्रोबायोटिक कुठलं घेऊ?' च्या आधी 'हे अँटिबायोटिक नक्की कशासाठी आहे?' एवढं विचारा. उद्धटपणे नको, विचारा फक्त.

दुसरा धोका जास्त शांत आहे. टेस्टिंग टीममधल्या एका मित्राचं पोट सात-आठ महिने बिघडलेलं होतं. तीन ब्रँड बदलून झाले, प्रत्येक डब्याला महिनाभर द्यायचा आणि थांबायचं. रक्त पडायचं ते 'मूळव्याध असेल' म्हणून सोडून दिलं. वजन उतरलं तेव्हा आम्ही त्याचं अभिनंदन करत होतो. शेवटी कोलोनोस्कोपी झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. त्या कॅप्सूलनी त्याचं काही बिघडवलं नाही. त्यांनी फक्त 'मी काहीतरी करतोय' असं समाधान दिलं, रोज, आठ महिने. शौचातून रक्त, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, महिनाभर न थांबणारी तक्रार, यातलं एकही असेल तर अॅप बंद करा आणि पोटाच्या डॉक्टरकडे जा.

आता ते घरातलं आजारपण. आत्याची केमो चालू होती आणि आतेभाऊ अमेरिकेहून आला. येताना प्रेमाने मोठा डबा घेऊन आला, ५० अब्ज जीव प्रति कॅप्सूल, दहा-अकरा स्ट्रेन, वर बुलार्डी. त्याचं म्हणणं, केमोने आईचं पोट बिघडलंय आणि हे तर नॅचरल आहे. मी रात्री बसून वाचलं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णांत हेच यीस्ट रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. नेदरलँड्समधे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर प्रयोग झाला होता, २००८ मधे छापून आला. त्यात प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. सकाळी भावाला म्हटलं, डबा उघडू नकोस, आधी विचारू.

ऑन्कॉलॉजिस्टने डब्यावरची नावं शेवटपर्यंत वाचली नाहीत. आत्याच्या छातीजवळच्या पोर्टकडे बोट दाखवलं, रक्ताचा रिपोर्ट पुढे केला, 'पांढऱ्या पेशी एवढ्या कमी असताना हे नको' म्हणाले आणि पेशी वर येईपर्यंत घरचं दहीही बंद केलं. जुलाबांसाठी वेगळं औषध दिलं, दोन दिवसांत फरक पडला.

भाऊ हिरमुसला. आत्याला ते बघवेना. घरी आल्यावर तिने मला हळूच विचारलं, 'अरे, एवढं महागाचं आणलंय पोराने, निदान विरजणाला तरी लागेल का रे?' त्यातल्या बॅक्टेरियांनी कदाचित दूध लागलंही असतं, पण यीस्टमुळे त्याचं नक्की काय झालं असतं कोण जाणे. 'नको,' म्हटलं. डबा तसाच सीलबंद परत गेला, भावाच्या बॅगेतून, लोणच्याच्या बरणीशेजारी.