शेकोटी पेटली, पण लाकडं कोणाची?

मागच्या महिन्यात घरातल्या एका साखरपुड्यात आमच्या भाचेजावयांनी एक वाक्य टाकलं आणि मी गप्प बसले. चार पाहुण्यांत वाद नको म्हणून. पण ते वाक्य काही घशाखाली उतरेना, म्हणून हा लेख. जावईबापू, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. रागावू नका, पण एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईपुढे असं बोललात, तर उत्तर येणारच!

ज्या वाचकमित्रांना हा प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेवणं झाल्यावर माझा नातू आपल्या लाडक्या बँडची गोष्ट रंगवून सांगत होता. बँडचं नाव नाइटविश, देश फिनलंड, गाण्याचा प्रकार पॉवर मेटल. (पॉवर मेटल म्हणजे काय ते मला आता कळतं. गिटारी घोड्यासारख्या दौडतात आणि त्यांच्यावर एक मोठी, सुरेल चाल स्वार होते. या मंडळींना पुढे लोक सिंफनिक मेटल म्हणू लागले. असो.) गोष्ट अशी, की १९९६च्या जुलैमध्ये तुओमास होलोपाइनेन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर शेकोटीपाशी बसला होता. तिथे त्याच्या डोक्यात आलं की अशा रात्री वाजवावं तसं साधं, बिनविजेच्या वाद्यांचं संगीत करावं. त्याने गिटारवाला एम्पू वुओरिनेन आणि गाणारी तार्या तुरुनेन यांना बोलावलं, आणि झाला बँड सुरू.

यावर जावईबापू म्हणाले, "बघा! खरी प्रतिभा असली की शेकोटीपाशीसुद्धा उगवते. क्लास नको, शाळा नको, शिक्षक नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातातली मसालेभाताची ताटली खाली ठेवली एवढंच.

घरी आल्यावर नातवाला म्हटलं, मला सगळं ऐकव, अगदी पहिल्यापासून. त्याला वाटलं आजी थट्टा करतेय. पंधरा दिवस आम्ही रोज संध्याकाळी ऐकत होतो. शेजारच्या वहिनी एकदा विचारायला आल्या, काही दुरुस्तीचं काम काढलंय का म्हणून!

तर आता ऐका. शेकोटीची गोष्ट खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण ती गोष्टीची पहिली ओळ आहे आणि लोक तिथेच पुस्तक मिटतात.

१९९६च्या अखेरीला या तिघांनी तीन गाण्यांचा डेमो केला. डेमो म्हणजे कंपन्यांना ऐकवायचा नमुना. त्यातल्या पहिल्या गाण्याचं नाव 'नाइटविश', तेच बँडचं झालं. तिसऱ्याचं नाव 'एतिआइनेन', हा खास फिनिश लोकसमजुतीतला शब्द. माणूस घरी पोचण्याआधीच त्याची चाहूल, पावलांचा आवाज येतो ना, ते. किती नेमका शब्द आहे! आणि किती योगायोगाचा, कारण त्या डेमोत पुढच्या सगळ्याची चाहूलच तेवढी आहे. साधी गिटार, कीबोर्ड, आणि मधेच एक आवाज, जो त्या खोलीत मावत नाही.

तो आवाज तार्याचा. जावईबापू, इथे लक्ष द्या. डेमो झाल्यावर मंडळींच्या ध्यानात आलं की हिचा आवाज या हलक्या साजाला फार भारी आहे. आता दोनच वाटा होत्या, आवाज लहान करायचा नाहीतर साज मोठा करायचा. त्यांनी साज मोठा केला. साध्या गिटारीच्या जागी विजेची गिटार आली, १९९७च्या सुरुवातीला युक्का नेवालाइनेन ड्रम वाजवायला आला, आणि शेकोटीचा बँड मेटलचा बँड झाला. म्हणजे बँडने आज जगाला माहीत असलेलं रूप घेतलं ते शेकोटीमुळे नव्हे, त्या शेकोटीला न पेलणाऱ्या आवाजामुळे.

आणि तो आवाज एवढा मोठा कुठे झाला? तार्या लहानपणापासून गावात संगीत शिकत होती. मग साव्होनलिन्ना गावच्या कला-संगीताच्या उच्च माध्यमिक शाळेत गेली. अठराव्या वर्षी कुओपिओला सिबेलिउस अकादमीत शास्त्रोक्त गायन शिकायला गेली. ते शिकणं चालू असताना ती हे गात होती. होलोपाइनेनही काही रानातून उठून आला नव्हता. त्याची आई संगीत शिकवणारी, आणि तो स्वतः गावच्या संगीतशाळेत क्लॅरिनेट शिकलेला. शेकोटीपाशी बसलेल्या मुलाच्या बोटांत कित्येक वर्षांची तालीम होती हो!

पहिला अल्बम 'एंजल्स फॉल फर्स्ट'. याचा पडद्यामागचा किस्सा तर मला फारच आवडला. तो मुळात अल्बम नव्हताच. १९९७च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्याच कितेए गावातल्या हुविकेस्कुस स्टुडिओत तेरो किन्नुनेनच्या हाताखाली सात गाणी मुद्रित केली, तीही नमुना म्हणूनच. हुविकेस्कुस म्हणजे चक्क करमणूक केंद्र! ती ऐकून स्पाइनफार्म कंपनीने करार केला. ऑगस्टमध्ये आणखी चार गाणी झाली आणि नोव्हेंबरात अल्बम बाजारात. मुलांनी कच्ची वही तपासायला द्यावी आणि बाईंनी तीच छापायला पाठवावी, तसं झालं. बँडमध्ये बास वाजवायला माणूस नव्हता, तर वुओरिनेननेच गिटारीबरोबर बासही वाजवून टाकला. आणि पुरुषाच्या आवाजाला कोणी नव्हतं, म्हणून होलोपाइनेन स्वतः गायला. चार गाण्यांत तो गातो. पुढे त्याने आपल्या त्या गाण्याबद्दल लाज वाटते असं उघड सांगितलं, आणि दुसऱ्या अल्बमपासून तो गायलाच नाही. जाड आवाज हवा तिथे तापिओ विल्स्काला बोलावलं.

नातवाच्या मित्रमंडळींत हा थट्टेचा विषय आहे. ती गाणी लागली की हसायचं. मी म्हणते, हसू नका, लक्ष देऊन ऐका, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा तिथे आहे. 'ब्यूटी अँड द बीस्ट' नावाचं युगुलगीत आहे. एक ओळ तो, एक ती. चाल त्याचीच, भावना त्याचीच, गाणं कशाबद्दल आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तरी त्याचा आवाज कापरा, श्वास ओळीच्या आधी संपतो, वरच्या सुरापाशी गेला की चोरटा होतो. तिची ओळ आली की छतच उचललं जातं. प्रतिभा कोणाकडे कमी होती? दोघांकडेही नव्हती. पण तो क्लॅरिनेट शिकला होता आणि ती गळा. जे शिकलं ते वाजलं, जे शिकलं नाही ते उघडं पडलं. एकाच गाण्यात, एकाच खोलीत, एकाच गावच्या दोन मुलांचं! प्रयोगवहीत लिहावा असा हा प्रयोग आहे.

३१ डिसेंबर १९९७ला कितेएमध्येच त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. मग आख्ख्या हिवाळ्यात आणखी सातच झाले, कारण ड्रमवाला आणि गिटारवाला सक्तीच्या लष्करी सेवेत आणि तार्या अभ्यासात. म्हणजे कंपनीचा करार खिशात असताना पोरगी परीक्षेला बसत होती. हे आमच्या पालकसभेत सांगायला हवं होतं.

आता माझा हुकमी एक्का. १९९८चा दुसरा अल्बम, 'ओशनबॉर्न'. यात ते खरे पॉवर मेटलवाले झाले. फिनलंडच्या यादीत तो पाचव्या क्रमांकावर गेला आणि त्यातलं एक गाणं एकेरी गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्यात खऱ्या तंतुवाद्यांचे तुकडे आहेत. मला सवय वाईट, उत्तरपत्रिका तपासून तपासून बारीक अक्षरं आधी वाचते. नातवाला म्हटलं, वादकांची नावं दाखव. मुख्य मंडळींच्या खाली, पाहुण्या वादकांत, व्हायोलिनपुढे एक नाव होतं – प्लामेन दिमोव. फिनिश वाटेना. शोधलं, तर हा मूळचा बल्गेरियाचा माणूस, कितेएत संगीत शिकवणारा. तार्याचा शिक्षक!

मी चष्मा काढून पुसला. पोरांनी अल्बम काढला आणि आपल्या मास्तरांना व्हायोलिन घेऊन स्टुडिओत बोलावलं. या बँडच्या किश्शांची पानंच्या पानं आहेत. २००५ साली तार्याला जाहीर पत्र लिहून कसं काढलं, मग कोण आली, कोण गेली, कोण कोणाशी बोलत नाही. लोक अजून त्यावर हमरीतुमरीवर येतात, मला त्यात पडायचं नाही. पण हा व्हायोलिनवाला किस्सा कोणी साखरपुड्यात सांगत नाही. सांगतात ती शेकोटी!

जावईबापू म्हणतील (मला ठाऊक आहे, तुम्ही वकिली बाण्याचे), की मावशी, याच दिमोव सरांनी म्हटलंय की तार्याला एकदा स्वर दिला की पुरे, बाकीच्यांकडून तीनदा, चारदा, पाचदा घोटून घ्यावा लागे. म्हणजे प्रतिभाच ना? अगदी कबूल. एकतीस वर्षांत अशी मुलं मीही पाहिली, बोटावर मोजण्याइतकी. पण तो एकदा स्वर द्यायला समोर कोणी उभं लागतं की नाही? आणि तोच माणूस बाकीच्यांना पाचदा देत होता हे तुम्ही ऐकलंच नाही. ती पाचवेळावाली मुलं कुठे गेली? त्यांतली काही पहिल्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवत असतील. तेही चांगलंच की.

आणि कितेए काही हेलसिंकी नव्हे. रशियाच्या सरहद्दीजवळचं, तळ्याकाठचं गाव, आज दहा हजारांच्या आत वस्ती. देशात ते हातभट्टीसाठीही प्रसिद्ध आहे म्हणे! अशा गावच्या मुलांनाही संगीतशाळा मिळते, कारण त्या देशात तिचा कायदा आहे. फी असते, पण खर्चाचा मोठा वाटा सरकार आणि नगरपालिका उचलते. पंचावन्न-छप्पन लाखांचा देश, आणि इतके बँड, इतके वाद्यवृंद-संचालक. थंडीमुळे येतात म्हणतात. थंडी तर सैबेरियातही आहे.

आता माझ्याबद्दल. हे लिहावं की नाही म्हणून दोन दिवस थांबले होते.

मिरजेच्या आसपासच्या एका शाळेत मी नोकरी केली. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. आमच्या शाळेत वेळापत्रकात शुक्रवारी संगीताचा तास होता. सर तासावर पैसे मिळणारे, सायकलवरून यायचे. दहावीच्या वर्षी तो तास 'जास्तीच्या तयारीसाठी' काढून घ्यायचं ठरलं, आणि तो मागून घेतला कोणी? मी. वृत्तं राहिली होती माझी. लघु-गुरू मोजायला शिकवलं मी त्या तासात! शेजारच्या खोलीत पेटी कपाटात बंद, आणि मी फळ्यावर भुजंगप्रयाताचे गण पाडतेय. पुढच्या वर्षी नववीचाही तास गेला. मग सर यायचे बंद झाले. पेटीच्या भात्याला उंदरांनी भोकं पाडली तेव्हा शिपायाने मला विचारलं, "बाई, टाकून देऊ?" मी काय म्हटलं ते आता आठवत नाही. त्या दहावीत एक मुलगी होती, प्रार्थनेला तिचा सूर लागला की बाकी ओळ आपोआप सरळ व्हायची. तिला मराठीत ८१ मार्क पडले. वृत्तांचा प्रश्न तिने पूर्ण बरोबर सोडवला होता.

तेव्हा, जावईबापू, शाळा-शिक्षक काही लागत नाहीत हे ऐकायला मला किती सोयीचं होतं ते बघा. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मी कोणाचंच काही घेतलं नाही. म्हणून तर मी गप्प बसले असेन.

आमच्या भाचीकडून परवा फोनवर कळलं, की तुमच्या धाकटीचा गाण्याचा क्लास जूनपासून बंद केलाय. दहावीचं वर्ष म्हणून. मी काही विचारलं नाही, तिनेच सांगितलं. आणि म्हणाली, मुलगी काही बोलली नाही. ते मला जास्त लागलं.

माझी पेन्शन एक तारखेला जमा होते. क्लासची फी मार्चपर्यंत माझ्याकडून, आणि मराठीची वृत्तं मी तिला फोनवर शिकवीन, रविवारी सकाळी, अर्ध्या तासात होतात. तिला म्हणावं वही-पेन घेऊन बसायचं. उत्तर इथे खाली नको, फोन करा.