नुरा वेगळी, नाटक वेगळे

यात्रेतला कुस्त्यांचा हगामा उठला की आखाड्याची माती तासभर पोरांची होते. पारनेर तालुक्यातल्या एका गावात ही पोरे पाहत मी थांबलो होतो. एकाने सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खांद्यांवर बांधले होते. दुसऱ्याने तोंडाला चुलीतली राख फासली होती आणि कमरेला पुठ्ठ्याचा पट्टा होता. तिसरा उसाचे कांडे माइकसारखे धरून ओरडत होता, "जग संपलंय! पाण्याचा एकच टँकर उरलाय! जिंकेल त्याचा टँकर!" मग ते दोघे एकमेकांना उचलून आपटत. आपटताना खालच्याच्या मानेखाली वरच्याचा हात असे, आणि टाकण्याआधी तो कानात सांगे, "डोकं आत घे."

माझ्या शेजारी उभे असलेले एक जुने पैलवान हळहळले. टीव्हीवरच्या खोट्या कुस्तीने पोरे नासवली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा मान राखून सांगतो, मला तसे वाटत नाही.

अमेरिकेत टीव्हीवरच्या या कुस्तीची कला जुनी आहे. १९८३ पासून हॉक आणि अ‍ॅनिमल ही जोडी 'रोड वॉरियर्स' नावाने रिंगणात उतरू लागली. रंगवलेले चेहरे आणि खिळे ठोकलेले खांदे हा त्यांचा थाट, आणि नाव 'मॅड मॅक्स'च्या दुसऱ्या चित्रपटावरून घेतलेले. त्या चित्रपटात जग मोडून पडले आहे आणि उरलेली माणसे पेट्रोलसाठी एकमेकांवर तुटून पडतात. पुढे कोरोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीने प्रेक्षकांविना कार्यक्रम चालवायला ऑर्लँडोत एक रिंगण उभारले. घरी बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे शेकडो पडद्यांवर दिसत. त्या रिंगणाला नाव दिले 'थंडरडोम'. १९८५ च्या 'मॅड मॅक्स' चित्रपटातल्या झुंजीच्या पिंजऱ्याचे नावही तेच. या कुस्तीत कोण पडणार हे आधी ठरलेले असते आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असते. मेहनत, उड्या, अंगावर घेतलेला मार मात्र खरा. तमाशातला राजा खरा राजा नसतो, म्हणून वगाला कोणी फसवणूक म्हणत नाही.

त्याच काळात आपल्याकडे काय होते, तेही आठवावे. ७ जानेवारी २०२० रोजी अकोले तालुक्यातल्या हर्षवर्धन सदगीरने पुण्यात बालेवाडीला शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तालमींना कुलपे लागली. दोन चैत्र यात्रा नाहीत, हगामे नाहीत, इनामाचे पैसे नाहीत, म्हणून पैलवानांच्या दुधा-बदामाचा खुराक तुटला. पुढची महाराष्ट्र केसरी थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. त्या उजाड दोन वर्षांतून कुस्ती वाचली, कारण लोकांचा मातीवरचा विश्वास शाबूत होता. तो विश्वास आत्ता, सगळे सुरळीत चालू असताना, आपण गमावत चाललो आहोत.

त्याचे एक कारण नुरा कुस्ती, म्हणजे खरी म्हणून लावलेली पण आतून ठरवलेली कुस्ती. शेवटच्या मोठ्या जोडीवर गाव लाखाचे इनाम लावते. माणसे दुपारपासून उन्हात बसून राहतात. हलगी कडाडते, जोड लागते आणि नुसती खडाखडी चालते. पट काढायला कोणी वाकत नाही. घिस्सा बसलेला दिसतो आणि हात आपोआप सैल सुटतो. वीस मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सोडवली जाते आणि इनाम निम्मे निम्मे होते. गावकरी काही बोलत नाहीत, पण घरी जाताना सगळ्यांना कळलेले असते. नाटक करणारा तिकिटावरच नाटक म्हणून छापतो. नुरा करणारा खऱ्याचे पैसे घेतो. चीड यायला हवी ती याची.

दुसरे कारण याहून जड आहे. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी रंगली. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. वादात त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणाच्या वादातून मैदान सोडून गेला आणि गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर हातपाय उगारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण खांदे टेकले की नाही, हा प्रश्न त्या शिक्षेने सुटला नाही. मग मार्चअखेरीस याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी ठरला. दोन महिन्यांत, एकाच जिल्ह्यात, एकाच किताबाचे दोन मानकरी. दोघांनीही घाम गाळला आहे, दोघांचाही दोष नाही. पण चौथीतल्या पोराने "खरा केसरी कोणता?" असे विचारले तर वस्तादाने काय सांगावे? खरी कुस्ती खोटी वाटू लागली ती इथे. राख फासलेल्या पोरांनी तिचे काही बिघडवलेले नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. राज्याच्या दोन्ही संघटनांनी एकत्र बसून एकच स्पर्धा आणि एकच गदा ठेवावी. वादातल्या चितपटीचे चित्रण तिथल्या तिथे, मैदानातल्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांना दाखवावे. जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्यांनी पंच बाहेरच्या तालुक्यातून आणावेत आणि त्यांची नावे आदल्या दिवशी देवळाच्या फळ्यावर लिहावीत. शेवटच्या जोडीवरचे अर्धे इनाम मधल्या जोड्यांना वाटावे, म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या पोराचा महिन्याचा खुराक तरी निघेल. मोठी कुस्ती बरोबरीत सुटली तर ते इनाम पैलवानांना न देता गावच्या तालमीला द्यावे. एवढे केले की नुरा करण्यात कोणाचा फायदा उरत नाही.

आणि ट्यूब बांधलेल्या त्या पोरांना हाकलू नका. हगामा संपल्यावर तासभर माती त्यांची असू द्या, खरा माइक हातात द्या, खाली दोन गाद्या टाका, कारण "डोकं आत घे" दर वेळी वेळेवर सांगून होईलच असे नाही. बाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'नाटक' एवढे लिहा.