कासवाला ऊन द्या, पण जपून

शहरातल्या वसाहतींत माशांच्या काचपेट्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग कासवेही आली. मुलाचा वाढदिवस असतो, मूल हट्ट धरते आणि बिस्किटाएवढे हिरवे पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येते. दुकानदार खाद्याची डबी हाती देतो आणि तेथे त्याचे काम संपते. त्या जिवाला उचलायचे कसे, ऊन किती द्यायचे, गच्चीवर मोकळे सोडले तर चालते का, हे बहुधा कोणी सांगत नाही. मग काही महिन्यांत कवच मऊ पडते, डोळे सुजतात आणि एके सकाळी मूल रडत आईला उठवते. अज्ञानाने झालेली हिंसा ही देखील हिंसाच होय. ती टाळता येते, म्हणून आज या सदरात आम्ही कासवाविषयी लिहीत आहोत.

कशासाठी आणता?

पहिला प्रश्न हा. हौस म्हणून आणले असेल तर ती हौस निभवावी लागते. पण कासव उत्तर दिशेला ठेवले की पैसा येतो, वास्तुदोष जातो, असे ऐकून ते आणले असेल, तर आमचे स्पष्ट सांगणे आहे की आपल्या घरात याला जागा नाही. कोणतीही गोष्ट ऐकीव म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ज्या कासवाला स्वतःला ऊन मिळत नाही ते आपल्या घरी लक्ष्मी कोठून आणणार? वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो असे सांगून फसवणारे भोंदू आजही आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी शेवटी घरातल्यांनी शहाणे व्हावेच लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत प्राणिमात्रांविषयी दया तर आहेच, पण त्यांना सांभाळण्याची जबाबदारीही तिच्याशी जोडलेली आहे. दया मनात असते. सांभाळायला मात्र माहिती लागते, वेळ लागतो आणि शिस्त लागते. खालचे सारे त्या सांभाळण्याविषयी आहे.

कोणते कासव घरात चालते?

पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले, जमिनीवर राहणारे स्टार कासव दिसायला सुंदर असते आणि चोरून विकले जाते. ते घरात ठेवणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हे कासव पहिल्या अनुसूचीत आले. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. नदी, ओढा, शेततळे येथे सापडणारी आपली देशी कासवेही पकडून आणू नयेत. पाणी स्वच्छ राहते म्हणून विहिरीत कासव आणून सोडण्याची गावाकडची जुनी चालही आता सोडावी. असे कासव घरात असेल तर ते मनाने कोठेही सोडून देऊ नये, वनखात्याला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी आहे.

दुकानात उघडपणे मिळते ते बहुधा डोळ्यामागे लाल पट्टा असलेले परदेशी कासव. त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळ मुलूख अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीचे खोरे. हे पाण्यात राहणारे कासव आहे, पण ऊन खायला ते दररोज कोरड्यावर येते. विकत घेताना दीड-दोन इंचांचे असते. वाढून आठ ते बारा इंचांचे होते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. आज तिसरीत शिकणारी मुलगी शिकून नोकरीला लागेल, तरी हे कासव घरात असेल. घेण्यापूर्वी हा हिशोब करावा.

कवच म्हणजे डबा नव्हे

मुलांना वाटते की कासव हा दगडी डबा आहे आणि आत प्राणी बसला आहे. तसे नाही. कासवाचा कणा आणि फासळ्या कवचाला आतून जोडलेल्या असतात. कवच हे त्याचेच हाड आहे आणि त्याला स्पर्श कळतो, दुखतेही. म्हणून कवचावर रंग देणे, स्टिकर चिकटवणे, पाठीवर टिचक्या मारणे बंद करावे. हरवू नये म्हणून कवचाला भोक पाडून दोरी बांधणारे लोकही असतात. ते हाडाला भोक पाडणे होय.

संयुत्त निकायात कासवाची एक उपमा आहे. संध्याकाळी नदीकाठी एक कासव चरत असते. तेथे कोल्हा येतो. कोल्ह्याला पाहताच कासव चारही पाय आणि मान आत ओढून गप्प बसते. एखादा अवयव बाहेर निघाला की धरीन, म्हणून कोल्हा वाट पाहत उभा राहतो. संधी मिळत नाही, तेव्हा कंटाळून निघून जातो. भिक्खूंनी इंद्रियांचे रक्षण असे करावे, हा तथागतांचा उपदेश. उपासकांना तो ठाऊक असतो. पण आपल्या घरातल्या कासवाने आपला हात पाहून मान आत ओढली, तर त्या क्षणी कोल्हा कोण, याचाही विचार करावा. ते खेळत नसते. ते भ्यालेले असते. मान आत ओढताना फुस्स असा आवाज येतो. पुष्कळ वेळा ती भीतीने आवळलेल्या शरीरातून बाहेर पडलेली हवा असते. अशा वेळी हात मागे घ्यावा.

उचलताना

कासवाला कुरवाळून घेण्याची आवड नसते. काम असेल तेव्हाच उचलावे, म्हणजे पाणी बदलताना, उन्हात नेताना, काही दुखते का ते पाहताना.

वरून एकदम झडप घालू नये. आकाशातून घार येते तेव्हा तसेच होते. समोरून, हळू, हात त्याला दिसेल असा न्यावा. दोन्ही हातांनी, पुढच्या व मागच्या पायांच्या मधल्या जागी, दोन्ही बाजूंनी कवच धरावे. बोटे खाली पोटाशी आधाराला असावीत. शेपटी किंवा पाय धरून कधीही उचलू नये. ते पाय मारते, नखे लागतात आणि दचकून आपला हात सुटतो. म्हणून लहान मुलांनी उभ्याने उचलूच नये. जमिनीवर सतरंजी टाकून, मांडी घालून बसावे आणि मोठ्या माणसाने कासव समोर ठेवावे. हातभर उंचीवरून पडले तरी कवचाला तडा जाऊ शकतो.

कासवाला उलटे करून मुलांची करमणूक करू नये. त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाखाली असतात. उलटे झाले की पोटातल्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो आणि श्वास घेणे जड जाते. स्वतःहून उलटे पडले असेल तर बाजूने सावकाश सरळ करावे. चावलेच तर हिसका देऊ नये. त्याला पाण्यात किंवा जमिनीवर टेकवावे, ते सोडून देते.

साबण विसरू नका

कासव निरोगी दिसले तरी त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यांनी माणसाला जुलाब, ताप, पोटात मुरडा येतो आणि लहान मुलांत ते फार गंभीर होऊ शकते. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकायला बंदी घालण्यात आली ती याच कारणाने. मुले ती तोंडापर्यंत नेत आणि आजारी पडत. आपल्याकडे नेमकी तीच बिस्किटाएवढी पिल्ले मुलांच्या हातात दिली जातात.

म्हणून कासवाला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालची मुले, गरोदर भगिनी, म्हातारी माणसे आणि आजारी माणसे यांनी कासव हाताळू नये. कासवाचे भांडे भांडी घासायच्या जागी किंवा ओट्यावर धुऊ नये. ते पाणी संडासात ओतावे. कासवाचा मुका घेऊ नये, त्याला ताटाशेजारी फिरू देऊ नये. छोट्या घरात हे अवघड वाटेल, पण एक बादली आणि एक ब्रश कासवासाठी वेगळे ठेवले की बरेचसे काम भागते.

ऊन कशासाठी आणि किती?

कासवाचे रक्त आपल्यासारखे आपोआप उबदार राहत नाही. बाहेरच्या उबेवर त्याचे पचन, हालचाल, भूक सारे चालते. शिवाय सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांत व कवचात जातो. हे किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडते, वाकडे वाढते आणि पाय अधू होतात.

खिडकीच्या बंद काचेमागे ठेवून भागत नाही. काच त्या उपयोगी किरणांना जवळजवळ अडवून टाकते. उलट काचपेटीच उन्हात ठेवली तर आतले पाणी तापते आणि कासव भाजून निघते. म्हणून उघड्यावर, पण वेगळ्या भांड्यात न्यावे.

पसरट प्लास्टिकचा टब घ्यावा. लोखंडी घमेले घेऊ नये, ते फार तापते. टबात कवच बुडेल इतके पाणी घालावे, एका बाजूला सहज चढता येईल अशी वीट किंवा सपाट दगड ठेवावा. टबाचा अर्धा भाग फळीने झाकून सावली करावी. अर्धे ऊन, अर्धी सावली हा नियम कधीही मोडू नये, कारण कासव आपली ऊब स्वतः ऊन-सावलीत ये-जा करून राखते. सावलीच नसेल तर ते बिचारे जाणार कोठे?

उन्हाळ्यात सकाळी सात ते साडेआठ ही वेळ बरी. थंडीत नऊ ते अकरा चालते. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मग वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यावे. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऊन मिळावे. वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा नऊनंतर गच्चीचे नाव काढू नये. फरशीवर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर कासवालाही बसतो. ते तोंड उघडे ठेवू लागले, टबाच्या कडेवर धडपडू लागले, तर ताबडतोब सावलीत घ्यावे आणि साध्या पाण्यात ठेवावे. बर्फाचे किंवा फ्रिजचे पाणी घालू नये.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. तेव्हा कोरड्या विटेवर प्रकाश पडेल असा यूव्हीबी दिवा लावावा लागतो. साधा बल्ब ऊब देतो, पण ते किरण देत नाही. हा खर्च झेपणार नसेल तर कासव घेऊच नये, असे आमचे मत आहे.

नजर हटवू नका

कासव हळू चालते ही गोष्टीतली समजूत. उन्हात अंग तापले की ते चांगलेच चपळ होते. गॅलरीच्या गजांतून, गच्चीच्या पन्हाळीतून ते निसटते आणि खाली पडते. कावळा, घार, मांजर, कुत्रा आणि घूस हे त्याचे शत्रू. टबावर जाळीची टोपली झाकावी आणि एक माणूस शेजारी बसून राहावा. आजोबांनी वर्तमानपत्र घेऊन बसावे, इतके सोपे हे काम आहे. जमिनीवर फिरवायचे असेल तर फिनेल, झुरळांचे औषध किंवा झाडांवरची फवारणी तेथे झालेली नाही ना, हे पाहावे. कण्हेरीसारखी विषारी झाडे जवळ नसावीत.

डोळे सुजणे, कवच दाबले जाणे, नाकातून फेस येणे, पाण्यात एका अंगावर कलून पोहणे, खाणे सोडणे ही आजाराची लक्षणे होत. हळद-तेल लावत बसू नये. पशुवैद्याकडे न्यावे. मुंबईत परळला आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी.

तळ्यात सोडणे हे पुण्य नव्हे

कासव मोठे झाले, पाणी बदलून कंटाळा आला की लोक ते तळ्यात सोडतात आणि जीव मुक्त केला असे म्हणतात. चीन, तैवान, थायलंड या देशांत पुण्य म्हणून प्राणी सोडण्याची चाल आहे आणि तेथल्या तळ्यांत हेच लाल पट्ट्याचे कासव त्या वाटेनेही पसरले आहे. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. आपल्या ईशान्य भारतातल्या तळ्यांतही ते आढळले आहे. एकाला सोडून शेकडोंच्या तोंडचा घास काढणे ही करुणा नव्हे. बुद्धपौर्णिमेला कोणी असे करू लागले तर विहारातल्या जाणत्यांनी त्याला समजावून सांगावे. सांभाळणे खरोखर अशक्य झाले तर दुसरे जबाबदार घर पाहावे, किंवा पशुवैद्याकडून प्राणी वाचवणाऱ्या संस्थेचा पत्ता घ्यावा.

ज्यांच्या घरी कासव आलेले नाही, त्यांना आम्ही ते आणा असे म्हणणार नाही. त्या पैशांत मुलाला पुस्तके येतील आणि रविवारी राणीच्या बागेत किंवा एखाद्या तळ्याकाठी नेऊन मोकळे प्राणी दाखवता येतील. ज्यांच्या घरी ते आलेच आहे, त्यांनी उद्या सकाळी टब, वीट, फळी आणि जाळी एवढी तयारी करावी. रोज ठरल्या वेळी, सावकाश हाताने हे चालू राहिले, तर आपला हात पाहून कासव मान आत ओढणे हळूहळू कमी करते. घरातल्या मुलाला मैत्रीभावना म्हणजे काय, हे त्यातून कळेल.