गाडीचे मीटर घरच्या घरी झाळता येते

गाडीचे मीटर बंद पडले म्हणजे ते मेले, आता नवीनच टाकले पाहिजे, अशी समजूत आपल्या व्यापारी बांधवांत पक्की बसली आहे. आमच्या मते दहापैकी काही वेळा तरी ही समजूत विनाकारण खिसा रिकामा करते. ज्याचा हात स्थिर आहे आणि ज्याला झाळ देता येते, त्याने आधी मीटर उघडून पाहावे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. डॅशबोर्डवर थाप मारली की काटा उठतो, खड्डा आला की पुन्हा पडतो. किंवा सकाळी दिवे लागत नाहीत आणि गाडी तापल्यावर लागतात. असे मीटर सहसा जळालेले नसते. आत कुठेतरी टाका सुटलेला असतो. उन्हात उभी राहिलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, रात्री निवते. तांबे, झाळ आणि बोर्ड सारख्या मापाने फुगत नाहीत, त्यात रस्त्याचे धक्के. काही वर्षांनी पिनेभोवतीच्या झाळेला केसासारखी गोल भेग पडते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, घड्याळजीचे भिंग लावले की दिसते. प्लगच्या पिना आणि तापणारे किंवा जड भाग आधी पाहावेत.

आमच्या माल पोचवणाऱ्या व्हॅनचे असेच झाले. तापमानाचा काटा मधूनच झोपायचा, आणि तो काटा झोपला तर इंजिन उकळेपर्यंत ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. सर्व्हिस सेंटरने नव्या मीटरचा जो भाव सांगितला, त्यात चांगल्या सुटिंगचे दोन तागे आले असते. मोहल्ल्यातील एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे गेलो. उस्तादांनी भिंग लावले, हसले आणि म्हणाले, "शेठ, यात बदलायचे काय आहे? टीव्हीत हेच तर करत आलो." पाच टाके पुन्हा दिले, चहा संपायच्या आत.

हे हुनर आपल्याकडे नवीन नाही. गल्लीत येणारा कलईगर भांडे तापवून आधी नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा. नवसागराशिवाय कथील धरत नाही, कारण तांब्यावरचा मळ निघत नाही. बोर्डावर तेच काम राळेचा फ्लक्स करतो. (नवसागर मात्र बोर्डावर चालत नाही, तो नंतर तांबे खातो.) म्हणूनच भेगेवर नुसते नवीन कथील थापून भागत नाही. जुनी झाळ वितळवून सकरने ओढून घ्यावी, फ्लक्स लावावा, मग ताजी झाळ द्यावी. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेली झाळ १८३ अंशांना वितळते. नव्या बोर्डांवर बहुधा बिनशिशाची असते, ती २१७ च्या आसपास. ती सुटत नाही म्हणून आयर्न दाबून धरणारा माणूस बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडतो. एका टाक्याला दोन-तीन सेकंद पुरे. नाही जमले तर निवू द्यावे, मग पुन्हा. धूर नाकात जाऊ देऊ नये, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आणखी एक गोष्ट कापडवाल्याला वेगळी सांगायला नको. टेरिलिनचा शर्ट घालून या कामाला बसू नये. थंडीत त्या कपड्यातून जी चटचट ठिणगी निघते, तेवढी चिपला मारायला पुरते. सुती घालावे.

काटे उपटू नयेत, पुन्हा बसवताना वेग चुकीचा दाखवतात. स्क्रीनला जोडलेली पातळ चिकटवलेली पट्टी असते, तिला आयर्न लावायचे नाही, ती वितळते. आणि मीटर काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून गाडीच्या पुस्तकात लिहिला आहे तेवढा वेळ थांबावे. पिवळे प्लग आणि पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात. तिथे हुनर दाखवू नये, तो जिवाचा मामला आहे.

झाळ दिल्याने मोडलेले मीटर चालू होते आणि गाडीचे खरे किलोमीटर तसेच राहतात, हा फायदा लोक विसरतात. भंगारातले मीटर बसवले की दुसऱ्याच गाडीचा आकडा येतो. मग तो 'जुळवून देणारे' भेटतात, आणि गाडी विकताना तोच आकडा गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो. मालाचा ऐब झाकून विकण्यात आणि यात आम्हाला फरक दिसत नाही. मीटर बदलणे भागच पडले तर जुना आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्यावी.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६ या मॉडेलांच्या पिकअप गाड्यांत काटा फिरवणाऱ्या छोट्या मोटरी बिघडू लागल्या. एकेका मोटरीला चार पिना. पुष्कळ मालकांनी मोटरी मागवून घरी बसूनच झाळल्या, बाजारात त्यासाठी आयर्नसकट पेटीच मिळू लागली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण पोर्टलने टाका बसत नाही. तो ज्यांना बसवता येतो ते आपले रेडिओ-टीव्हीवाले कारीगर आज मोबाइलच्या काचा विकत बसले आहेत, कारण टीव्ही दुरुस्तीला येत नाहीत. त्यांनी दुकानाबाहेर 'गाडीचे मीटर दुरुस्त करून मिळेल' एवढी पाटी लावावी. टेम्पो, रिक्षा आणि व्हॅनवाले त्यांच्याच गल्लीत उभे असतात.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र आधी कागद काढून तारीख पाहावी, आणि तोपर्यंत स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवावा.