वाया गेलेला मुलगा

लूका ब्रेसेल हा बेल्जियमचा मुलगा. २००९ साली, चौदाव्या वर्षीच, तो एकोणीस वर्षांखालील गटात युरोपचा स्नूकर-विजेता झाला. २०१२ साली, सतराव्या वर्षी, शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धा खेळणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. केवढे कौतुक झाले असेल! आणि पुढे? तेथे पाचदा खेळला. पाचही वेळा पहिल्याच फेरीत हरला.

‘वाया गेला’ म्हणून आपण मोकळे झालो असतो.

२०२३ साली उपांत्य सामन्यात ५-१४ असा मागे पडूनही त्याने १७-१५ अशी बाजी मारली, आणि अखेर जगज्जेता झाला.

वाचकहो, यंदा एका नापास विद्यार्थ्याला मी म्हणालो होतो, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” दिवाळीच्या फराळाला त्याला घरी बोलावले आहे.