पात्र उसनं, उजेड आपला

फॅन आर्ट म्हणजे उसनवारी, असं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पात्र उसनं, तलवार उसनी, गोष्टही उसनी, हे खरंच. पण सीनमध्ये सूर्य कुठे ठेवायचा, हे गेम बनवणाऱ्यानं सांगितलेलं नसतं. करणाऱ्याची अक्कल तिथेच दिसते आणि आपली पोरं नेमकी तिथेच कंटाळा करतात. खामगाव असो की मेहकर, मोबाईलवरचं रेंडर पाहावं तर एका बाजूनं निळा, दुसऱ्या बाजूनं केशरी, मधे धूर. पात्र कुठलंही असो, रोषणाई वरातीतल्या डीजेचीच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० साली आला. भावाला सोडवायला असुरांशी भिडणारी मुलगी, आणि गोष्ट सांगायला छायाबाहुल्या. या राजीला उचलून लोणारला आणा की! उल्कापातानं काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. लोककथेत मात्र तिथे लवणासुर दडलेला आणि विष्णूनं त्याला मारलेलं. इतकी तयार 'बॉस फाइट' दुसरीकडे कुठे मिळणार?

गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच विष्णूचं. त्याची एक कोरीव भिंत ब्लेंडरमध्ये उभी करा. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आकाशाच्या सेटिंगमध्ये सूर्याची उंची अंशांत देता येते. लोणार साधारण २० अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. ९० अंश टाकून बघा. पुढे आलेल्या थराखालच्या मूर्ती सावलीत जातात. त्यांना मिळतो तो फरशीवरून परतलेला उजेड, म्हणजे खालून. हनुवटी उजळ, कपाळ अंधारात. असुरासाठी झकास, राजीसाठी वाईट. आता तोच सूर्य १० अंशांवर उतरवा आणि भिंतीच्या कडेनं सोडा. उजेड दगडाला घासून जातो, छिन्नीची रेघन् रेघ उठून दिसते. काळा दगड दिसत नाही म्हणून दिव्याची ताकद वाढवत बसणं हा सगळ्यांचा रोग. दिवा वाढवायचा नसतो, हलवायचा असतो. शिवाय एकाच सूर्यावर सीन उभा राहिला तर दहा दिव्यांचा गुंता आवरत रात्र घालवावी लागत नाही. (मधेच लाइट गेली तर आपला इलाज नाही.)

भडक रंगाशी माझं वैर नाही. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. तो गुलाबी सीनमध्ये खुशाल घ्या. पाण्यावरून परतून राजीच्या गालावर किती येईल तेवढा हिशेब करा.

गॅदरिंगला डिजिटल चित्रांची स्पर्धा ठेवणाऱ्या कॉलेजांना एक सुचवतो : मॉडेल सगळ्यांना एकच द्या आणि मार्क फक्त लाइटिंगला ठेवा.