बुडितातला मासा गावाचाच

नंदुरबारच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या उतारांवर, नर्मदाकाठी भिल्ल-पावरांची गावं आहेत. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली. 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरपर्यंत चढलं. काही कुटुंबं मूळगाव न सोडता डोंगरावर सरकली. काठची कसदार जमीन गेली, हाताशी उरला तो मासा.

तोही सहज मिळत नाही. संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे उचलायचं. पण खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे उभे असतात. जाळं अडकलं की हिसका द्यायचा नाही, होडी मागे घेऊन हळूहळू सोडवायचं. तरी फाटतंच. आपल्या वावराचा बांध कुठे होता, साग कुठे होता, हे ज्याने ती जमीन कसली त्यालाच ठाऊक, म्हणून तो जाळं बेताने टाकतो. एवढं करून मासा काठाला आणला, तर बर्फ नाही, धड रस्ता नाही. ऊन चढलं की व्यापारी सांगेल तो भाव.

खडसासारखा मासा वाहत्या, खडकाळ पाण्यातला. साचलेल्या पाण्यात मात्र कटला-रोहूचं बीज सोडावं लागतं, आणि बीज सोडणारा मग माशावर मालकी सांगतो. ठेकेदारी अशीच शिरते. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी 1996 पासून दहा वर्षं मत्स्य संघ काढून जलाशय स्वतः चालवला, आणि उत्तम चालवला. मुदत संपली, करार पुढे वाढला नाही. तो ठेका होता, म्हणून गेला. आपल्या गावांना ठेका नको, हक्क हवा.

तो 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे: पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क. नर्मदाकाठच्या प्रत्येक ग्रामसभेचा तसा दावा उभा राहिला पाहिजे. जुनी नदी, जुने डोह पाहिलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब नियमांत पुरावा म्हणून चालतात, आणि ती माणसं झपाट्याने कमी होत आहेत. म्हणून वकिलांनो, प्राध्यापकांनो, महाविद्यालयीन मुलांनो, या पावसाळ्याआधी तिकडे जा. ग्रामसभेला विचारा, ती सांगेल ते करा: जबाब लिहून घ्या, नकाशे काढा, दाव्याची पोच मिळेपर्यंत कचेरीत सोबत उभे राहा. सरकारकडे आपण सगळ्यांनी मिळून मागू या: ग्रामसभेच्या संमतीशिवाय या पाण्याचा लिलाव नको, आणि काठावर बर्फाची सोय हवी.